विक्रोळीच्या फाटकावरची ओळख

माझे वडील रेल्वेत गँगमन होते. रूळ सरळ आहेत की नाही ते बघायचं, त्यांच्याखालची खडी ठोकून बसवायची, कडेची गटारं मोकळी ठेवायची, हे त्यांचं काम. आज हे मी सहज लिहिते. बाविसाव्या वर्षी मात्र ते मला चारचौघांत उच्चारता येत नव्हतं.

तेव्हा आम्ही कुर्ल्याला रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. मी बी.कॉम. होऊन अंधेरीला एका औषध कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले होते. माझ्या शेजारच्या टेबलावर मुलुंडची एक मुलगी बसायची. ती दर दोन-तीन महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या गडावर जाऊन यायची आणि सोमवारी आम्हाला पायावरचे ओरखडे दाखवायची. एकदा तिने मलाही तिच्या गिर्यारोहण संस्थेबरोबर नेलं. मला डोंगर आवडला आणि त्याहून जास्त आवडली ती माणसं. कुणी बँकेत, कुणी कॉलेजात शिकवणारं, एक-दोन डॉक्टर होऊ घातलेले. सगळे एकमेकांना अरे-तुरे करायचे, डबे एकत्र उघडायचे. त्यांच्यात बसलं की आपणही त्यांच्यातलेच आहोत असं वाटायचं.

पहिल्याच भेटीत कुणीतरी विचारलं, "तुझे बाबा काय करतात गं?"

मी म्हटलं, "रेल्वेत आहेत. इंजिनिअरिंग खात्यात."

ते खोटं नव्हतं. गँगमन इंजिनिअरिंग खात्यातच मोडतात, बाबांच्या पगाराच्या कागदावर तसं लिहिलेलंही असायचं. पण समोरचा काय समजेल हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याने ते समजावं म्हणूनच मी वाक्य तिथे थांबवलं होतं.

त्या वर्षी पावसाने कर्जतकडच्या एका गडाची वाट पार धुऊन नेली. दिवाळीनंतर गेलेल्या मुलांनी येऊन सांगितलं की मधल्या टप्प्यात वाट उरलीच नाही, नुसती घळ झालीय आणि एकजण तिथून घसरून हात मोडून घेऊन आलाय. मग संस्थेच्या प्रमुखांनी ठरवलं की आपणच जाऊन ती वाट दुरुस्त करायची. दोन शनिवार-रविवार श्रमदान. हे प्रमुख बँकेत अधिकारी होते, चाळिशीचे असतील. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. मुलुंडला त्यांच्या घराच्या गच्चीवर बैठक झाली. तोवर अशा कामाला फक्त मुलगे जायचे. या वेळी माझ्या मैत्रिणीने आणि मी हात वर केला. दादा म्हणाले, "झकास. पण हे फिरायला जाणं नाही हं. महिनाभर आहे हातात, तयारी करून या. टिकाव-फावडं कधी धरलंय का?"

कुणीच धरलं नव्हतं. मी आमच्या घरात लहानपणापासून फावडं दाराआड टेकवलेलं बघत होते, पण मीही मान हलवली. नाही म्हणून.

घरी सांगितलं तेव्हा बाबा पायाला तेल लावत बसले होते. आईने विचारलं, "म्हंजे काय करायचं तिथं?"

"वाट दुरुस्त करायची. दगड लावायचे, माती ओढायची."

"रोज कोण देणार?" बाबांनी विचारलं.

"रोजाचे पैसे नाहीत बाबा. श्रमदान आहे. आपल्या खर्चाने जायचं."

त्यांनी तेलाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "तुझा आजा करायचा हे काम. फुकटच. मामलेदार, फॉरेस्टचा साहेब असं कुणी डोंगरावर यायचं असलं की आदल्या दिवशी गावातनं सांगावा यायचा. आपल्या वस्तीतल्या माणसांनी जायचं आन् वाट साफ करायची. काटं काढायचं, धोंडं हलवायचं. न्हाई म्हणायची सोय नव्हती. मी पण गेलोय त्याच्यासंगं, धा-बारा वर्षांचा असताना."

आई म्हणाली, "आता तसं कुठं ऱ्हायलंय?"

"न्हाई ना," बाबा म्हणाले. "ही सोताच्या मर्जीनं चाललीय. जाऊ दे की." आणि मग माझ्याकडे वळून, "पण नीट शिकून जा. हात सोलून घेऊन येशील."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला शिकवायला सुरुवात केली. क्वार्टर्सच्या मागे नळाच्या पाण्याने कायम ओली असणारी थोडी मोकळी जागा होती. ड्युटीवरून आल्यावर चहा झाला की ते मला तिथे न्यायचे. टिकाव उचलताना एक हात वर सरकवायचा, खाली आणताना तो दांड्यावरून घसरू द्यायचा. जोर लावायचा नाही, टिकावाचं वजनच काम करतं. कंबर वाकवायची नाही, गुडघे वाकवायचे. शेजारच्या खिडक्यांतून बायका बघायच्या आणि मला लाज वाटायची. ऑफिसची साडी बदलून जुना पंजाबी ड्रेस घालून मी टिकाव मारत होते, आणि मनातल्या मनात प्रार्थना करत होते की मुलुंडहून कुणी अचानक भेटायला येऊ नये.

एकदा मी विचारलं, "बाबा, दगड कसे लावायचे?"

"दगड मागनं. आधी पानी बघ." त्यांनी काडीने ओल्या मातीत एक उतरती रेघ ओढली. "ही तुझी वाट. वरनं पानी येतंय. वाटेवरनं धा-बारा पावलं धावलं की त्याला जोर येतो आन् माती घेऊन जातं. म्हणून जोर यायच्या आधी त्याला बाजूला काढायचं. चर मारायची. पन सरळ आडवी मारशील तर गाळानं भरंल. तिरकी मार, उताराच्या अंगानं. मंग ती सोताच सोताला धुती." त्यांनी रेघेवर तिरप्या खुणा केल्या. "रुळाखाली पन हेच. पानी थांबलं की रूळ बसला."

मी ते सगळं लक्षात ठेवलं, आणि पुढच्या बैठकीत गच्चीवर दादांनी खडूने गडाची वाट काढली तेव्हा उठून तेच सांगितलं. बाबांचे शब्द बदलून, शुद्ध भाषेत. पाण्याचा वेग, निचरा, उताराशी तिरका कोन. सगळे ऐकत राहिले.

"हे तुला कुठून कळलं?" दादांनी विचारलं.

"बाबांनी सांगितलं."

"इंजिनिअरची मुलगी शोभतेस खरी," ते म्हणाले. "त्यांना एकदा घेऊनच ये. आमच्यासमोर बोलू देत तासभर."

"ते फार बिझी असतात," मी म्हटलं. मैत्रिणीने माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेने मला जे बरं वाटलं ते आठवलं की आजही तोंड लपवावंसं वाटतं.

जायच्या आधीच्या आठवड्यात अवजारं गोळा करायची होती. विक्रोळीच्या एका कारखान्यातल्या बागकामवाल्यांनी जुने टिकाव, फावडी आणि पहार द्यायचं कबूल केलं होतं. शनिवारी दुपारी दादा, माझी मैत्रीण आणि मी आणायला गेलो. तीन टिकाव, चार फावडी, एक पहार. दादांनी पहार आणि दोन टिकाव खांद्यावर घेतले, एक टिकाव मी घेतला, मैत्रिणीने फावडी. आम्ही रेल्वे फाटकापाशी आलो तेव्हा फाटक बंद होतं. गाडी जाईपर्यंत उभे राहिलो.

फाटकाच्या पलीकडे, शंभर पावलांवर, एक गँग खडी ठोकत होती. त्या आठवड्यात बाबांची ड्युटी घाटकोपरच्या पुढे आहे एवढं मला ठाऊक होतं, पण ते डोक्यात आलं नव्हतं. मुकादमाने शिट्टी मारली, गँग बाजूला झाली, गाडी धडधडत गेली आणि धूळ खाली बसल्यावर मला ते दिसले. निळा सदरा, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, डोक्याला फडकं. त्यांनी मला आधीच पाहिलं होतं. ते हसत आमच्याच दिशेने येत होते.

मी खाली बघितलं. एवढंच केलं मी. तोंडाने एक शब्द बोलले नाही. टिकाव एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि मैत्रिणीकडे वळून काहीतरी विचारल्यासारखं केलं.

खांदा बदलताना टिकावाचं पातं दांड्यावरून निसटलं आणि माझ्या पायाशी पडलं. दादा पटकन म्हणाले, "अरे बापरे, पायावर पडलं असतं." मग समोर आलेल्या माणसाला बघून म्हणाले, "मामा, तुम्हाला येतं का हे बसवायला? जरा बघता?"

बाबा थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी अजूनही मान वर केली नव्हती, पण त्यांची नजर मला कळली. दोन-तीन सेकंद असतील. मग ते म्हणाले, "बघतो की साहेब."

त्यांनी पातं उचललं, दांडा बघितला. रुळाखालून काढून टाकलेल्या जुन्या लाकडी स्लीपरची एक ढलपी काढून दगडाने तासली. मग दांडा माझ्यापुढे करून म्हणाले, "ताई, एवढा जरा धरता का?"

मी दांडा धरला. माझ्या वडिलांनी मला ताई म्हटलं होतं. धरता का, म्हटलं होतं. त्यांनी पातं चढवलं, दांड्याचं बूड खडकावर दोन-तीनदा आपटलं, वरून पाचर ठोकली. त्यांच्या मनगटावरचा जुन्या भाजल्याचा डाग माझ्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होता. मला हाक मारता आली असती. बाबा म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी दांडा धरून उभी राहिले.

"रातभर पान्यात ठेवा साहेब," ते दादांना म्हणाले. "लाकूड फुगतं. मंग निघत न्हाई."

"फार उपकार झाले मामा."

"उपकार कसले," असं म्हणून ते वळले आणि गँगकडे गेले. जाताना त्यांची चाल नेहमीचीच होती.

फाटक ओलांडल्यावर दादा म्हणाले, "बघितलंस? शाळेत गेलेली नसतील ही माणसं, पण हातात केवढी कला असते." मनापासूनच म्हणाले ते. बाबा सातवी पास होते, हेही मी सांगितलं नाही.

मी घरी पोहोचले तेव्हा बाबा यायचे होते. मी आईला पोळ्या लाटू लागले. ते आले, आंघोळ केली, जेवायला बसले. मला वाटत होतं ते काहीतरी बोलतील, रागावतील, निदान आईला सांगतील. ते आईशी बुद्धविहारातल्या कार्यक्रमाला कुणाकुणाला बोलवायचं ते बोलत राहिले. मला एकच विचारलं, "पान्यात ठिवला का टिकाव?"

"दादांच्या घरी आहे. ठेवतील."

"हं," ते म्हणाले आणि ताटात पाणी ओतून उठले.

त्यानंतर नळामागचं शिकवणं बंद झालं. मी विचारलं नाही, त्यांनी बोलावलं नाही. बुधवारी माझ्या पिशवीपाशी एक पुडकं दिसलं. जाड सुती कापडाचे शिवलेले दोन पट्टे होते, तळव्याला बांधायचे, अंगठ्यापुरतं भोक ठेवलेलं. गँगमधली माणसं बांधतात तसले. आई म्हणाली, "बाबा दोन दिवस दुपारच्या सुट्टीत शिवत होते म्हणं. हातमोजे कुठं मिळायचे तुला?" ते पट्टे हातात घेऊन मी न्हाणीत गेले आणि नळ मोठा सोडून रडले.

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर मुलुंडला शेवटची बैठक होती. कुणी कुठे काम करायचं, दोर कुणाकडे, औषधं कुणाकडे. दादांनी माझं नाव पाण्याच्या चरी मारणाऱ्या तुकडीत घातलं आणि परत म्हणाले, "बाबांनी एखादा नकाशा काढून दिला तर बघ ना. इंजिनिअर माणूस, पाच मिनिटांचं काम."

मी म्हटलं, "ते इंजिनिअर नाहीत. गँगमन आहेत."

गच्चीवर बोलणं चालू होतं ते हळूहळू थांबलं.

"फाटकावर टिकाव बसवून दिला ना, ते माझे वडील होते."

मैत्रिणीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला फसवलं होतं. फसवलंच होतं. एकजण म्हणाला, "अगं मग त्यात काय एवढं? कुठलंही काम वाईट नसतं." दुसऱ्यानेही तसंच काही म्हटलं. मला वाटलं होतं सांगून टाकल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट ती माणसं इतक्या सहज ते मान्य करत होती की मी कशासाठी एवढं केलं हेच मला कळेना. दादा मात्र वहीत खाली बघत राहिले. ते लालबुंद झाले होते. सगळे पांगल्यावर जिन्यात मला म्हणाले, "मी तुझ्यासमोर त्यांना मामा म्हणून काम सांगितलं... आणि नंतर ते जे बोललो, कलाबिला. तू ऐकून घेतलंस?"

"चूक माझी होती दादा."

"ती आहेच," ते म्हणाले. "माझीही आहे."

शनिवारी दुपारची गाडी होती. सकाळी दहाच्या सुमाराला दादा कुर्ल्याला आमच्या दारात उभे. पत्ता त्यांनी संस्थेच्या वहीतून घेतला होता. बाबांची सुट्टी त्या आठवड्यात शनिवारी आली होती, ते गंजिफ्रॉकवर पेपर वाचत बसले होते. दादांनी आत येऊन सरळ हात जोडले. "त्या दिवशी ओळखलं नाही मी. माफ करा. तुम्ही आमच्याबरोबर याल का? त्या वाटेचं काम तुमच्याइतकं कुणालाच येत नाही."

बाबांनी त्यांना खुर्ची दिली, आईला चहा ठेवायला सांगितलं. मग शांतपणे म्हणाले, "साहेब, सहा दिवस मी तेच करतो. सातव्या दिवशी मला झोपायचं असतं."

दादा हसले. बाबाही हसले. चहा पिताना त्यांनी दादांना वाटेबद्दल चार प्रश्न विचारले. उतार किती, माती काळी की मुरूम, दगड जवळ मिळतो की लांबून आणायचा. चरीच्या खालच्या तोंडाशी मोठा धोंडा ठेवा, नाहीतर तिथेच खड्डा पडेल, असं सांगितलं. दादा वहीत लिहून घेत होते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला कुणी बस म्हटलं नाही आणि म्हटलं असतं तरी मला बसवलं नसतं.

दुपारी निघताना बाबा माझ्याबरोबर स्टेशनपर्यंत आले. सॅक मीच घेतली होती. पुलाच्या पायऱ्यांपाशी मी थांबले आणि म्हटलं, "बाबा, त्या दिवशी फाटकावर मी तुम्हाला ओळख दिली नाही."

ते म्हणाले, "व्हय."

"मला लाज वाटली. तुमची."

त्यांनी म्हणावं असं मला वाटत होतं, असू दे पोरी, लहान आहेस, होतं असं. मी त्याचीच वाट बघत होते. ते पायऱ्यांवरून जाणाऱ्या माणसांकडे बघत होते.

"वाईट वाटलं," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? गँगमधल्या दोघांनी तुला वळखलं होतं. इचारलं मला, तुमचीच पोरगी ना. मी म्हनलो, तिच्यासारखी दिसती."

मी रडायला लागले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. सॅकचा सुटलेला पट्टा ओढून घट्ट केला आणि म्हणाले, "जा आता. गाडी यील."

मी गेले. तो रविवार आणि त्याच्या पुढचा, दोन्ही दिवस घळीत काम केलं. ज्या मुलांना टिकाव धरता येत नव्हता त्यांना कसा धरायचा ते दाखवलं, आणि कुणी विचारलं की सांगितलं, बाबांनी शिकवलं, ते रुळांवर काम करतात. पहिल्यांदा सांगताना आवाज कापला. संध्याकाळपर्यंत कापायचा थांबला. पण त्या डोंगरावर, सगळ्या अनोळखी झाडांमध्ये, ते म्हणणं सोपं होतं. विक्रोळीला, त्यांच्या गँगसमोर म्हणायला हवं होतं.

पुढे मी बरीच वर्षं त्या संस्थेत होते. बाबा कधी आले नाहीत, आणि मीही त्यांना या म्हटलं नाही. निवृत्त झाल्यावर ते गावी गेले. मी भेटायला जायचे तेव्हा आम्ही पावसापाण्याचं बोलायचो, माझ्या मुलांचं बोलायचो. त्या दुपारचा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. त्यांनी मला माफ केलं होतं की नाही ते मला माहीत नाही. विचारायचं धाडस माझं शेवटपर्यंत झालं नाही.